मोठा लसूण कुठे जातो

मेट्रनबाईंच्या घरात नऊ वर्षं काढल्यावर त्यांच्या सुनेच्या मनात एक हिशेब पक्का बसला होता. या घरात लसूण भरपूर पिकतो, पण मोठा लसूण ताटात येत नाही.

हिशेबाला पुरावा होता. घराच्या मागे, नळाच्या पलीकडे, चार खाटा मावतील एवढा एक वाफा आहे. थंडी सुरू झाली की त्यात लसूण लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो. निघतो तेव्हाचे मुठीएवढे, जांभळट सालीचे गड्डे सुनेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. आणि मग वर्षभर ओट्यावर सोलायला काय यायचं, तर गोट्या. पाकळी एवढीशी की सोलताना साल आधी निघते की नख, याची पैज लागावी. मोठे गड्डे कोठीच्या खोलीत दाराच्या मागे वेण्या घालून टांगलेले असायचे आणि थंडी पडली की एके दिवशी खुंट्या रिकाम्या. नेमकी त्याच सुमाराला नणंद चार दिवस राहून गेलेली असायची. सून काही शाळकरी नव्हती. तिने दोन आणि दोन मांडले आणि उत्तर नणंदेच्या पिशवीत टाकलं.

तोंडाने मात्र ती कधी बोलली नाही. मेट्रनबाईंशी वाद घालून कुणी काही मिळवलंय, असं आमच्या गल्लीत ऐकिवात नाही. त्यांनी हयातभर रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड सांभाळला. नोकरी संपली, वॉर्ड संपला नाही. खाटांवर आता घरची माणसं आली एवढंच. चाळिशी ओलांडलेला मुलगा आईसमोर अजून वाढलेली नखं पाठीमागे लपवतो. डबे, किल्ल्या, पडदे, पाहुणे, सगळं त्यांच्या शब्दावर हलायचं. सुनेला एवढंच हवं होतं की घरातल्या एखाद्या तरी तुकड्यावर शेवटचा शब्द आपला असावा. स्वयंपाकघर मिळणार नाही हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तिची नजर होती वाफ्यावर.

तो योग नणंदेनेच आणला. तिला जुळं होणार असं कळलं आणि मेट्रनबाईंनी थंडी सरता सरता बॅग भरली. मुक्काम लांबणार हे उघड होतं. निघताना त्या वाफ्याकडे बघून सुनेला म्हणाल्या, "लसूण नीट निघाला आणि नीट टिकला, तर पुढच्या लावणीपासून वाफा तुझा."

हे वाक्य सुनेने मनात किती वेळा घोळवलं असेल ते तिलाच ठाऊक. पण कामाला कमी पडली असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि संध्याकाळी येऊन वाफ्यापाशी उकिडवं बसायचं. खालची पानं पिवळी पडायला लागली तसं तिने पाणी तोडलं. काढणीला पात धरून उपटली नाही, बाजूने माती सैल करून गड्डा अलगद उचलला. नवरा उत्साहाने म्हणाला, नळाखाली धुऊन देतो, चकचकीत होईल. तिने त्याला नळापाशीसुद्धा येऊ दिलं नाही. माती हातानेच झटकली, जिन्याखालच्या सावलीत जुन्या जाळीवर लसूण पसरला, वाऱ्याने साल कागदासारखी वाजेपर्यंत रोज उलटापालटा केला, मगच मुळं छाटली आणि पात विणून वेण्या घातल्या. फोनवर मेट्रनबाई रोज बोलायच्या, लेकीबद्दल कमी आणि लसणाबद्दल जास्त. गड्ड्याची मान वाळली का? दाबून बघितलंस का? ओल कुठे नाही ना? सून रुग्णाचा तक्ता वाचावा तशी सगळं सांगायची.

एक दिवस त्यांनी विचारलं, बियाणं बाजूला काढलंस ना. सून म्हणाली, हो आई, पहिल्याच दिवशी काढलं. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

सुनेचं माहेर कापडाच्या दुकानाचं. तिथला नियम असा की उत्तम ठाण काचेत मांडायचं, बरं असेल ते गिऱ्हाइकाला द्यायचं आणि उरलेल्या तुकड्यांत घरच्यांचे कपडे शिवायचे. लावणी दरवर्षी मेट्रनबाई दुपारी एकट्याच उरकायच्या. सून संध्याकाळी यायची तेव्हा वाफा मातीने झाकलेला असायचा. आत काय गेलंय ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पण मातीत पुरायचं ते कुणी चांगलं का पुरेल? ओट्यावरचा लसूण इतका बारीक, म्हणजे जमिनीत जाणारा त्याहून बारीक असणार. तेव्हा तिने सगळ्यांत लहान, वाकड्यातिकड्या गड्ड्या वेचून बिस्किटांच्या डब्यात भरल्या आणि डब्यावर चिठ्ठी लावली: बियाणं.

राहिला मोठा लसूण. तो नणंदेच्या पिशवीत जायच्या आत कुठेतरी मार्गी लागायला हवा होता. सुनेने चार भरगच्च वेण्या उचलल्या आणि एका रविवारी सकाळी गल्लीत वाटून आली. न्हाव्याला एक, विमा एजंटाला एक, बेकरीवाल्याला एक आणि समोरच्या गणिताच्या बाईंना एक.

गल्लीत केवढी खळबळ उडाली हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे देण्याघेण्याची नोंद कुणी कागदावर ठेवत नाही आणि विसरतही नाही. आजवर मेट्रनबाईंकडून दरवर्षी प्रत्येक घरी लसणाची एक जुडी यायची, बोराएवढ्या गड्ड्यांची, आणि सोबत एक वाक्य यायचं: लहान असतो, पण गुणाला जास्त. लोक आभार मानायचे आणि दार लावल्यावर जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या दारात आता मुठीएवढ्या गड्ड्यांची वेणी आली. सुनेचा भाव एका सकाळीत वधारला. न्हावी तर म्हणाला की सासू परत आलीच नाही तरी गल्लीची तक्रार नाही.

पावसाळा संपत आला आणि मेट्रनबाईंचा फोन आला की पंधरवड्यात येते. आवाज खुशीत होता. उतरल्या उतरल्या पाकळ्या फोडायला बसू म्हणाल्या. यंदा बियाण्याचा गड्डा माझ्या मुठीत मावणार नाही, असं वर्णन तू केलं होतंस.

"बियाण्याचा?" सून म्हणाली.

"मग कशाचा? मोठा लावला तर मोठा येतो. बाजारातल्या साध्या लसणापासून सुरुवात केली होती मी. दरवर्षी सगळ्यांत मोठा लावायचा आणि बारीक आपण खायचा, तेव्हा कुठे इथवर आलाय. सांगायला हवं का हे?"

सांगायला हवं होतं. पण ते आता बोलून उपयोग नव्हता. सून म्हणाली, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवून तिथेच जिन्यावर बसली. वाफा तर गेलाच होता. त्याहून वाईट म्हणजे इतक्या वर्षांचं बियाणं तिने स्वतःच्या हाताने गल्लीभर वाटून टाकलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग बायकोचा चेहरा बघून थांबला आणि मग दुसऱ्या दिवशी बाजारातून पिशवीभर मोठा लसूण घेऊन आला. टांगून ठेव म्हणाला, कोण ओळखतंय. बाजारचा तो लसूण पांढराशुभ्र, फुगीर आणि दाबला की आत जाणारा. सुनेने तो आणि डब्यातला घरचा, असे दोन्ही गड्डे हातात धरून पाहिले. आईला आज नाही कळलं तरी उन्हाळ्यात वाफाच सांगेल, असं म्हणून तिने तो लसूण स्वयंपाकात वापरायला काढला. त्या घरात पहिल्यांदाच कुणी बिनतक्रार लसूण सोलला.

मग उरला एकच रस्ता. दिलेली भेट परत मागायची. माणसाने उसनं मागावं, वर्गणी मागावी, मतही मागावं. पण दिलेली भेट परत मागायला वेगळं तोंड लागतं. सुनेने ते कुठून आणलं कोण जाणे.

बेकरीवाल्याने वेणी पहिल्याच आठवड्यात पावात घालून विकली होती. फार चांगला खपला म्हणाला, आणखी आहे का? तिची अडचण ऐकून त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने तिला दोन पाव बांधून दिले. ती ते घेऊन न्हाव्याकडे गेली. त्याने वेणी आरशाशेजारी टांगली होती आणि गिऱ्हाइकांना सांगत होता की आयुष्यात पहिल्यांदा एक वेणी मी न कापता ठेवलीय. एकही गड्डा निघालेला नव्हता, नुसता केसांच्या तेलाचा वास लागला होता. द्यायला त्याची ना नव्हती, पण खुंटीला शोभेचं दुसरं काहीतरी आणून दे म्हणाला. सुनेने दुकानातलं जुनं कॅलेंडर कबूल केलं.

विमा एजंट मात्र वेणीचा विषय निघताच उठून चहा ठेवायला गेला. तो परत येईना म्हणून सून मागे गेली, तेव्हा त्याने मान खाली घालून फ्रिजचा खालचा कप्पा उघडला. आत प्रत्येक गड्ड्याला हिरवे कोंब. थंडाव्यात जास्त टिकेल असं वाटलं, म्हणाला. लोकांना आयुष्यभराची सुरक्षितता विकणाऱ्या माणसाला लसूण चार महिने सांभाळता आला नव्हता आणि त्याचं त्याला खरंच लागलं होतं. वेणी त्याने दिली. बदल्यात तिच्या नवऱ्याने एकदा निवांत बसून योजना ऐकून घ्यायची असं ठरलं. नवऱ्याच्या वेळेवर तिचा शब्द चालतो हे सुनेला त्याच दिवशी कळलं.

राहिल्या गणिताच्या बाई. त्या आणि मेट्रनबाई एकाच वर्षी निवृत्त झालेल्या आणि तेव्हापासून समोरासमोरच्या खिडक्यांतून एकमेकींवर लक्ष ठेवून असलेल्या. भांडण कधी नाही. भांडायला आधी थोडी सलगी लागते. बाईंच्या बाहेरच्या खोलीत, जिथे लोक घड्याळ लावतात तिथे, लसणाची वेणी होती. चारांतली सगळ्यांत भरघोस. त्यांनी सुनेचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ही चुकून आली माझ्याकडे."

"चुकून नाही, बाई. मीच दिली."

"सासूला न विचारता."

"हो."

"मग परत न्यायला सासूला येऊ दे," बाई म्हणाल्या. "मला तिच्या तोंडून ऐकायचंय, मोठा लसूण होता म्हणून."

म्हणजे झाकपाक करायची सोयच राहिली नाही. सून घरी आली ती न रडता आली. उलट तिला जरा हलकंच वाटत होतं, असं तिने नंतर सांगितलं.

मेट्रनबाई आल्या त्या दिवशी तिने सुट्टी घेतली. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी, दारातच, सगळं सांगून टाकलं. काय, कुणाला, किती आणि काय परत आलं. नवरा पाणी आणतो म्हणून आत गेला तो बराच वेळ पाणीच आणत राहिला. मेट्रनबाईंनी ऐकलं, बॅग ठेवली आणि सरळ कोठीच्या खोलीत गेल्या. आधी बिस्किटांचा डबा उघडला. चिठ्ठी वाचली. एक वाकडी पाकळी बोटांत धरून बराच वेळ बघितली.

"मग नऊ वर्षं मोठा लसूण कुठे जातो असं वाटत होतं तुला?"

"ताईंकडे."

मेट्रनबाई कोठीतल्या स्टुलावर बसल्या. "तिच्याकडे? अगं, तिच्या घरात लसूण चालतच नाही. जावयांना वास सहन होत नाही. एवढे महिने मी बिनलसणाचं जेवून आलेय."

सुनेला हसू येत होतं आणि हसायची ही वेळ नव्हती. तिने नजर खुंट्यांकडे वळवली. मेट्रनबाईंनी आता परत आलेला लसूण तपासायला घेतला. न्हाव्याकडचा हुंगला, नाक मुरडलं, पण बाजूला ठेवला. तेलाने पाकळी बिघडत नाही म्हणाल्या. एजंटाच्या कोंबांना फेकू नको म्हणाल्या, ते सगळ्यांत आधी लावायचे, त्यांना घाई झालीय. मग एकेक गड्डा मनगटाची नाडी बघावी तसा अंगठ्याने दाबत गेल्या. मान दाबली, बूड दाबलं, साल वाजवून बघितली. एकही मऊ निघाला नाही.

"वाळवलायस चांगला," त्या म्हणाल्या. वॉर्डातल्या नर्सना हे वाक्य ऐकायला म्हणे दहा-दहा वर्षं लागायची. पण वाफ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत आणि सुनेने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी समोर गेल्या. आम्ही सगळ्यांनी आपापल्या खिडकीतली कामं नेमकी त्याच वेळेला काढली होती. गणिताच्या बाईंनी चहा केला, जुळ्यांची वजनं विचारली, कोण कुणावर गेलंय ते विचारलं. कप रिकामे झाल्यावरच त्या वेणीकडे बघून म्हणाल्या की इतकी वर्षं तुम्ही मला गोट्या पाठवल्यात.

मेट्रनबाईंनी सवयीने सांगायला सुरुवात केली की लहान असतो पण गुणाला. बाईंनी नुसता हात वर केला. वर्गात गप्प करायचा हात असावा, कारण मेट्रनबाई गप्प झाल्या.

"मोठा द्यायला हात होत नव्हता," त्या म्हणाल्या. "लावायचा असायचा हे खरं. पण सगळाच लावायला हवा असं नव्हतं. दोन-चार गड्डे द्यायला हरकत नव्हती."

बाईंनी उठून वेणी स्वतः काढली, टेबलावर ठेवली आणि हात वेणीवरच ठेवून म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात मला मोठ्यांतले गड्डे हवेत. कोण कबूल करतंय? मेट्रनबाई म्हणाल्या, बघू. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ गल्लीतलं लहान पोरही जाणतं.

"देईन मी," सून म्हणाली. "मोठ्यांतलेच देईन."

बाईंनी हात उचलला. रस्ता ओलांडून परत येताना मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, "वाफा अजून माझा आहे." सून म्हणाली, हो. आणि वेणी दुसऱ्या हातात घेऊन तिने त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

पुढचे काही दिवस दोघी व्हरांड्यात बसून पाकळ्या फोडत होत्या. फोडताना बुडाची चकती दुखावली तर पाकळी कुजते, हे मेट्रनबाईंनी सांगितलं. या वेळी सगळं सांगत होत्या, सांगायची गरज नाही असं काही नसतं हे त्यांनाही कळलं असावं. बिस्किटांचा डबा त्यांनी मुलाच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाल्या, हे तू सोल. त्याने नखं लपवायचा प्रयत्न केला, पण डबा घ्यायला हात पुढे करावे लागले.

लावणी एका कोरड्या, ढगाळ सकाळी झाली. सुनेने माती आदल्याच दिवशी भुसभुशीत करून ठेवली होती. एक वेणी पावात गेलेली, त्यामुळे पाकळ्या नेहमीपेक्षा कमी होत्या. मेट्रनबाई एका टोकाला पाटावर बसल्या. महिनोन् महिने जुळ्यांना उचलून गुडघे धरले होते, पण बोटं जुन्या वेगाने चालत होती; पाकळी घ्यायची, टोक वर, बूड खाली, दाबली की पुढची. नेहमीसारखीच दाट.

सून दुसऱ्या टोकाला होती. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आई, यंदा लांब लावू. बियाणं कमी आहे, जागा तेवढीच आहे. ऐसपैस वाढतील, गड्डा आणखी मोठा येईल.

मेट्रनबाईंचे हात थांबले. आम्ही कुंपणाच्या या बाजूने बघत होतो. लावलेल्या ओळीकडे त्यांनी एकदा बघितलं, सुनेकडे बघितलं आणि मग पहिल्या पाकळीपासून एकेक परत उपसायला लागल्या. ओळ रिकामी झाल्यावर मातीचा हात झटकत त्यांनी विचारलं, "किती बोटं सोडू?"

"चार."

"माझी चार की तुझी?"

मेट्रनबाईंची बोटं जाड, सुनेची बारीक. सुनेने दोन्ही हात बघितले.

"माझी," ती म्हणाली.

मेट्रनबाईंनी तिचा हात ओढून मातीवर आडवा ठेवला, एक काडी घेऊन तेवढ्या मापाची मोडली आणि ती काडी ओळीवर धरून पहिल्यापासून लावायला बसल्या.